शिंगातलं शेण, ५०० नंबरचं पाकीट आणि आमच्या शाळेचे चार वाफे

दोघांची फी ५६००, शिंगखताचं पाकीट ४५०, पेरणीचं कॅलेंडर २५०, म्हणजे एकूण ६३०० रुपये गेले आणि त्यात पेट्रोल धरलेलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घरी ३० गुंठे रान, सोबत आमचे भावजी. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका फार्मवर 'बायोडायनॅमिक शेती आणि बालशिक्षण' असं दोन दिवसांचं निवासी शिबिर होतं, दसरा झाला की लगेच. बायोडायनॅमिक म्हणजे रसायन न घालता, गाईच्या शिंगात मुरवलेलं शेणखत आणि चंद्राचं कॅलेंडर वापरून करायची शेती. आयोजकांचं नाव घालत नाही कारण पुढं तक्रारी पण आहेत, माणसं वाईट नव्हती, आणि कोल्हापुरात कोण कुणाचा पाव्हणा निघंल सांगता येत नाही.

भावजी गेले ते ऊस उतरलाय म्हणून. लागण, खोडवा (म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेलं पीक), परत खोडवा, परत लागण, रानाला विश्रांती म्हणून नाही, २०१९ च्या महापुरात वरची माती गेली ती गेलीच, आणि दरवर्षी युरियाचं पोतं वाढतंय पण टन काही वाढत नाहीत. मी गेले कारण जाहिरातीत शेती आणि शिक्षण हे दोन शब्द एका ओळीत होते. आमच्या शाळेला पोषण आहाराची परसबाग आहे, कागदावर ती फार छान आहे, प्रत्यक्षात दोन शेवग्याची झाडं आणि गवत. म्हटलं बघू, कायतरी हाताला लागंल.

पहिली सकाळ सगळी रुडॉल्फ स्टायनर या माणसावर, ही शेती आणि तिच्या जोडीची शिक्षणपद्धत त्याच्याच विचारातनं निघाली. सांगणारे गृहस्थ बोलायला चांगले होते पण त्यांनी माणसाचा पार बाबा करून टाकला, हात जोडलेला फोटो तेवढा राहिला होता. खरं तर साधी गोष्ट सुद्धा भारी आहे. १८६१ चा जन्म, गाव आत्ताच्या क्रोएशियात, तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य, वडील रेल्वेत नोकरीला. व्हिएन्नात शिकला, गटेचं विज्ञानावरचं लिखाण संपादित केलं, आणि पोटासाठी शिकवण्या केल्या. त्यातली एक शिकवणी ऐकून मी वही काढली. एका घरात डोक्यात पाणी साठायचा आजार असलेला मुलगा होता, दहा वर्षांचा, त्याला शिकवता येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. स्टायनरनं त्याला किती वेळ शिकवायचं, कधी थांबायचं, मध्ये काय करायचं हे त्याच्या दमण्याकडं बघून ठरवलं, दोनेक वर्षांत पोरगं शाळेच्या वर्गाला लागलं आणि पुढं चक्क डॉक्टर झालं. वक्त्यांनी हे दोन मिनिटांत उरकलं आणि आकाशतत्त्वावर चाळीस मिनिटं घेतली. माझ्या वर्गात आत्ता अशी दोन मुलं आहेत ओ, मला ते आकाशतत्त्व नको होतं, ती शिकवणी पाहिजे होती.

मग थिऑसॉफीवाले, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मागं एकच गूढ ज्ञान आहे असं मानणारी मंडळी. स्टायनर त्यांच्या जर्मन शाखेचा प्रमुख होता, आणि इकडं अॅनी बेझंटबाईंच्या मंडळींनी लहान जे. कृष्णमूर्तींना येणारा जगद्गुरू ठरवलं तेव्हा याचं त्यांच्याशी फाटलं आणि १९१२-१३ च्या सुमाराला त्यानं अँथ्रोपॉसॉफी नावाची आपली अध्यात्माची चूल वेगळी काढली. पुढं स्वतः कृष्णमूर्तींनीच ते जगद्गुरूपण सोडून दिलं हे मला माहीत होतं, म्हणून मी शेजारच्या काकांना हळूच सांगितलं, तर ते म्हणाले "म्हणजे सगळेच शहाणे निघाले की."

शेतीवरची व्याख्यानं त्यानं अगदी शेवटी दिली, १९२४ च्या जूनमध्ये, कोबरविट्झ नावाच्या गावी एका जमीनदाराच्या वाड्यावर. ते गाव आता पोलंडमध्ये येतं. आठ व्याख्यानं, शंभरावर माणसं, बरेचसे शेतकरी, आणि त्यांची तक्रार काय तर बियाणं पहिल्यासारखं राहिलं नाही, जनावरं आजारी पडाय लागलीत, रासायनिक खतं आल्यापासून माती बिघडली. शंभर वर्षं झाली बघा, आणि आमच्या पीककर्जाच्या सोसायटीच्या मीटिंगला आजही हेच. पुढच्या मार्चमध्ये तो वारला. म्हणजे स्वतः एकही हंगाम या पद्धतीनं केलेला नाही. हे तिथं कुणी बोललं नाही, घरी येऊन वाचल्यावर कळलं, आणि हेही कळलं की त्यानंच शेतकऱ्यांचं प्रयोग करणारं मंडळ तयार केलं होतं आणि त्यांना सांगितलेलं की आधी करून बघा मग बाहेर सांगा. आमच्या शिबिरात मात्र प्रश्न विचारला की "श्रद्धा ठेवा ताई" असं उत्तर येत होतं.

आता मूळ मुद्दा एका वाक्यात: शेत म्हणजे एक जिवंत शरीर, माती पिकं जनावरं माणूस हे त्याचे अवयव, आणि चांगल्या शेताला बाहेरून शक्यतो काही आणायला लागू नये. हे मला पटलं. आमच्या आजोळी असंच होतं, दोन म्हशी, चार शेळ्या, परड्यात उकिरडा, ऊस दहा गुंठे आणि बाकी भात-जोंधळा, बाहेरून यायचं ते मीठ आणि रॉकेल. तेव्हा त्याला कुणी नाव दिलं नव्हतं एवढंच.

दुपारी शिंगं. इथं खरी मजा. बीडी (बायोडायनॅमिक) ५००, म्हणजेच शिंगखत, म्हणजे काय तर व्यालेल्या गाईचं शिंग, बैलाचं चालत नाही, त्यात दुभत्या गाईचं ताजं शेण ठासून भरायचं आणि थंडीभर मातीत पुरायचं. आपल्याकडं घटस्थापना-दसऱ्याच्या आसपास पुरतात आणि फेब्रुवारी-मार्चला काढतात. तवर आत शेणाचा वास जाऊन काळसर, ओलसर, बुक्क्यासारखं खत तयार होतं. तेच ५०१ म्हणजे गारगोटीची बारीक पूड शिंगात भरून उन्हाळा-पावसाळाभर पुरायची. मग ५०२ ते ५०७ कंपोस्टात घालायच्या वनस्पती आहेत, कॅमोमाईल, ओकच्या झाडाची साल, विंचवासारखं डसणारं एक पान, त्यातल्या काही प्राण्यांच्या आतड्यात नाहीतर कवटीत भरून पुरायच्या. हे ऐकल्यावर मागच्या रांगेतल्या दोन माळकरी काकू उठून चहाला गेल्या त्या चर्चा संपेपर्यंत आल्या नाहीत.

शिंग भरताना अडचण अशी की ही सगळी मापं तिकडच्या आखूड, जाड शिंगांवर बेतलेली. इथं आणून ठेवलेली होती आपल्या खिलार गाईंची, दिसायला रुबाबदार, हातभर लांब, पण भोक बघाल तर पेनाएवढं. आम्ही जोंधळ्याच्या ताटानं शेण कोंबत बसलो. एका पोरानं विचारलं म्हशीचं शिंग का नको, आमच्याकडं सतरा पडल्यात, तर त्याला नीट उत्तर मिळालं नाही. गाईच्या शिंगातून जीवनशक्ती परत आत वळते असं स्टायनरचं म्हणणं, त्यामुळं या पद्धतीचं डिमीटर नावाचं सर्टिफिकेट पाहिजे असंल तर गाईची शिंगं जाळायची नाहीत असा नियमच आहे. मुक्या जनावराची शिंगं जाळू नयेत हे मला त्याशिवाय पण मान्य आहे.

आणि तुम्हीच विचार करा, शेण भरलेली शिंगं, संध्याकाळची वेळ, खड्डा काढून ओळीत पुरताय. भावजी म्हणाले, "वहिनी, हे आपल्या रानात केलं तर सकाळी पोलीस पाटील दारात." चेष्टा नाही, आमच्या भागात बांधाला लिंबू-मिरची दिसली तरी भाऊ-भाऊ कोर्टात जातात. २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा येऊन एवढी वर्षं झाली तरी करणी म्हटलं की गाव जागं होतंय. मी आयोजकांना प्रामाणिक सूचना केली की शिबिरात हे पण शिकवा, शेजाऱ्याला आधी बोलावून दाखवायचं कसं. हसले आणि विसरले.

सगळ्यात आवडलं ते ढवळणं. एकरी २५-३० ग्रॅम खत, चिमूटभरच म्हणायचं, ते १३ ते १५ लिटर कोमट पाण्यात टाकायचं आणि तासभर ढवळायचं. काठीनं एका दिशेनं जोरात फिरवत मधोमध भोवरा पाडायचा, भोवरा पार तळाला गेला की एकदम उलट फिरवायचं, पाणी खळबळतं, मग पुन्हा भोवरा. पूर्ण एक तास. पहिली पंधरा मिनिटं सगळे फोन काढून रील करत होते, पाऊण तासानं कुणी बोलत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज आणि लांब कुठंतरी मोर. ऊन उतरल्यावर बादली आणि कडुनिंबाचा डहाळा घेऊन मातीवर मोठे थेंब शिंपडत चालायचं, पंप नाही लावायचा. अनवाणी सगळं रान फिरून झालं. भावजी १४ वर्षं ऊस करतायत, त्यांनी मला तिथं सांगितलं की आपल्या रानातनं असं सलग पायी मी शेवटचं कधी फिरलो आठवत नाही, पाणी सोडायचं मोटर बंद करायची घरी यायचं, टोळी येती तोडून नेती. त्या २५ ग्रॅमात काही ताकद आहे का नाही मला माहीत नाही, पण तो तासभर आणि ते फिरणं याला मी पाचपैकी पाच देते.

जेवण फर्स्टक्लास. नाचणीची भाकरी, आमटी, वरण्याची उसळ, ताक, सेंद्रिय गुळाचा खडा. तांबडा-पांढरा नाही म्हणून सांगलीकडच्या एका ग्रुपनं तोंड पाडलं होतं आणि रात्री जेवण झाल्यावर चारचाकी काढून गायब झाले, कुठं गेले ते सगळ्यांना वासावरनं कळलं.

राहायची सोय बरी, बाथरूम दोन आणि माणसं ३८. इथं जास्त लिहीत नाही.

कॅलेंडरबद्दल सांगते कारण बरेच जण तेवढंच विकत घेतात. जर्मनीतल्या मारिया थून या बाईंनी वर्षानुवर्षं मुळा वगैरे पेरून निरीक्षणं केली आणि चंद्र कुठल्या राशीत आहे त्यावर मूळ, पान, फूल, फळ असे दिवस पाडले, ते हे. चंद्र चढता-उतरता पण बघायचा, ५०० उतरत्या चंद्रात मारायचं. मी आधी समजले चढता-उतरता म्हणजे शुक्ल-कृष्ण पक्ष. तसं नाही. चंद्र साधारण २७ दिवसांत एकदा आकाशात उत्तरेकडं चढून दक्षिणेकडं उतरतो, आणि अवस-पुनवेचं चक्र साडेएकोणतीस दिवसांचं, दोन्ही वेगळी. घरी आणून आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण महिना वाचला आणि म्हणाल्या, "ह्यात मिरगाचं वाहन कुठाय? बेडूक का म्हैस? आन पाऊस ह्या कागदाला इचारून येनार हाय व्हय?" मुद्दा बरोबर आहे. कोल्हापुरात जूनमध्ये वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळतो तो चार दिवस, त्यात फळ दिवस नाही म्हणून थांबलं तर भात टोकायचंच राहतं. २५० रुपये वाया म्हणा, पण भिंतीवर छान दिसतंय, कालनिर्णयाच्या शेजारी लावलंय.

दुसरा दिवस शिक्षणाचा, आणि इथं मी जरा जास्त बोलणार कारण माझं घर त्याच्यावर चालतं.

स्टायनरच्या पद्धतीच्या शाळांना वॉल्डॉर्फ शाळा म्हणतात, ते नाव सिगारेटच्या कारखान्यावरनं आलंय हे किती जणांना माहीत आहे? जर्मनीत श्टुटगार्टला वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया नावाची सिगारेट कंपनी होती, तिचा मालक एमिल मोल्ट, पहिलं महायुद्ध संपून सगळी वाताहत झालेली, त्यानं स्टायनरला कामगारांपुढं बोलायला बोलावलं आणि त्यातनं कामगारांच्या पोरांसाठी १९१९ च्या सप्टेंबरला शाळा निघाली. मुलं-मुली एकत्र, मालकाची आणि हमालाची एकाच वर्गात. आमच्या शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते १९१७ ला, म्हणजे दोन वर्षं आधी. मी हात वर करून हे सांगितलं, टाळ्या मिळाल्या. आणि मग मी विचारलं की आज भारतात या शाळांत हमालाची पोरं किती आहेत, तेव्हा टाळ्या नाहीत. कारण मुंबई-हैदराबादकडं ज्या शाळा आहेत त्यांची फी आपल्याला माहीत आहे, आणि जगात आज अशा हजारावर शाळा आहेत त्यातल्या पुष्कळशा तशाच, आईबाप शिकलेले, पोटभर असलेले.

पद्धत सांगते. सात वर्षांपर्यंत अक्षर-अंक शिकवायचे नाहीत, दुधाचे दात पडेपर्यंत खेळ, गोष्टी, गाणी, स्वयंपाक, माती. मग अक्षर येतं ते चित्रातनं. रोज सकाळी दोन तासाच्या आसपास एकच विषय आणि तो तीन-चार आठवडे सलग, मग दुसरा. एकच शिक्षक पहिलीपासून आठवीपर्यंत. मुलांनी-मुलींनी दोघांनी विणायचं. मेणाच्या खडूंनी रंगवायचं, पाठ्यपुस्तक नाही, पोरं स्वतःच आपल्या वह्या सजवून पुस्तक करतात.

एकच शिक्षक आठ वर्षं ऐकून मला हसू आलं, आमची द्विशिक्षकी शाळा आहे, मला पहिलीत मिळालेली पोरं चौथी सोडूनच जातात, आम्ही कधीपासून वॉल्डॉर्फ आहोत फक्त मेणाचे खडू नाहीत. आणि सात वर्षांपर्यंत अक्षर नाही हे माझ्या वर्गात चालणार नाही. पोरांना लवकर वाचता-मोजता यावं म्हणून सरकारनं काढलेल्या निपुण भारतची पत्रकं एका बाजूला, ती सोडा, पण माझ्या वर्गातलं ऊसतोड कामगाराचं पोरगं माझ्याकडं चार महिनेच असतं, टोळी उठली की ते गेलं. त्याला मी म्हणू का की दात पडेपर्यंत थांब? ज्याच्या घरात पुस्तकं आहेत त्याला उशिरा वाचायला शिकणं परवडतं. हे मी तिथं बोलले. शिकवणाऱ्या ताई शांत होत्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या "तुमचं बरोबर आहे, मला याचं उत्तर नाही." दोन दिवसांतलं हे एकमेव वाक्य ज्यामुळं मला माझ्या २८०० मधले निदान हजार वसूल वाटले.

आणि एक गोष्ट जी मी उचलली. त्यांच्या तिसरीला, म्हणजे नवव्या वर्षी, शेती आणि घर बांधणं हा अभ्यासच असतो. गहू पेरायचा, काढायचा, मळायचा, दळायचा, त्याचा पाव भाजून खायचा, आणि त्यातच गणित, वजनमापं, भाषा. स्टायनरची शेती आणि शाळा जोडलेल्या आहेत त्या इथं. नववं वर्ष का, तर पोराला तेव्हा पहिल्यांदा कळतं की मी आणि जग वेगळे आहोत, आईबाप कायमचे नाहीत, तेव्हा त्याच्या हाताला असं काम द्यायचं की जगात आपण टिकू असं त्याला वाटावं. माझी धाकटी बरोब्बर नऊची आहे, सध्या रोज रात्री विचारते आई तू कधी म्हातारी होणार. मी गप्प झाले थोडा वेळ.

एक काळा डाग सांगायला पाहिजे. स्टायनरच्या काही भाषणांत माणसांच्या वंशांना वर-खाली लावणारं बोलणं आहे, गोरे पुढं गेलेले वगैरे. शिबिरात याचा शब्द नाही. मग एकानं विचारलं तर "तो काळच तसा होता" म्हणून विषय मिटवला. काळ तोच होता ज्यात इथं शाहू महाराज अस्पृश्य ठरवलेल्या गंगाराम कांबळेच्या हॉटेलात चहा प्यायला जात होते. असो.

आता तक्रार. ४५० चं पाकीट. शिबिरातच शिकवलं की ५०० कायम ओलसर, मातीच्या मडक्यात, अंधारात, कोकोपिटात ठेवायचं, प्लास्टिकमध्ये नाही. आणि विकलं कशात, तर प्लास्टिकच्या पिशवीत. तयार केल्याची तारीख नाही. घरी उघडलं तर कोरडं ठक्क, तपकिरीसारखं. फोन केला तर म्हणाले पाणी शिंपडून ठेवा, शक्ती जात नाही. पैसे परत मागितले, तेव्हापासून निळी टिक येते, उत्तर नाही.

पण माझी खरी चीड पैशांची नाही. जो माणूस सांगून गेला की शेताला बाहेरून काही लागू नये, त्याच्याच नावानं पाकीट, कल्चर, कॅलेंडर असं सगळं बाहेरून विकत घ्यायचं? मग खताच्या दुकानात आणि यात फरक काय राहिला? न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर म्हणून एक म्हातारे १९९३ पासून भारतात येऊन हेच शिकवत फिरले, आणि त्यांचा सगळा भर शेतकऱ्यानं स्वतः करण्यावर होता. त्यातलंच एक सीपीपी (काउ पॅट पिट), म्हणजे शेणाचा विटा लावलेला खड्डा, त्यात शेण, अंड्याच्या टरफलाचा चुरा, बेसाल्ट दगडाची पूड आणि त्या कंपोस्टाच्या वनस्पती. बेसाल्टची पूड किलोवर विकत होते तिथं! अहो आपल्याकडचा बहुतेक सह्याद्री बेसाल्ट आहे, कोल्हापुरात कुठल्याही खडी क्रशरवर उभं राहा, केसात भरून घरी याल.

घरी आल्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. ते कोरडं पाकीट भिजवून, तासभर ढवळून ३० गुंठ्यात मारलं, आणि एक तांब्याभर तसंच संध्याकाळी शाळेत नेलं. परसबागेत चार सारखे वाफे केले. पहिल्यात कंपोस्ट आणि शिंगखताचं पाणी, दुसऱ्यात नुसतं कंपोस्ट, तिसऱ्यात नुसतं शिंगखताचं पाणी, चौथा कोरा. कंपोस्ट आमचंच, पाचट (उसाची वाळकी पानं) आणि शेण कुजवलेलं. सगळीकडं मेथी. शिंपडताना दुसरीतल्या एकानं ओंजळ पुढं केली, म्हणाला, "बाई, तीर्थ हाय काय?"

हे चार वाफ्यांचं मला तिथनं नाही, श्री. अ. दाभोळकरांकडनं सुचलं. आपल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारा माणूस, नरेंद्र दाभोळकरांचे थोरले भाऊ, ज्यांनी शेतकऱ्यांचा प्रयोग परिवार उभा केला, तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा. त्यांचं सांगणं एवढंच असायचं की स्वतः करून बघा, मोजा, लिहा आणि दुसऱ्याला सांगा. दोन दिवसांत त्यांचं नाव एकदाही निघालं नाही, कोल्हापूर जिल्ह्यात बसून, शेती आणि शिक्षण या विषयावर. याला मी शून्य देते.

महिन्यानं मेथी उपटली. चौथीच्या मुलींनी वजनं केली, तागडी पोषण आहाराची. कंपोस्टवाले दोन्ही वाफे जवळजवळ सारखे, शंभर ग्रॅमचाही फरक नाही, आणि कंपोस्ट नसलेले दोन्ही त्यांच्या निम्म्याच्या थोडे वर. शिंगाच्या पाण्यानं काही वर-खाली झालेलं आम्हाला तरी दिसलं नाही. माझं पाकीट मेलेलं होतं म्हणाल तर तेही खरं असेल, चार वाफ्यांनी जगाचा निकाल लागत नाही. मोठा प्रयोग स्वित्झर्लंडला चालू आहे, १९७८ पासून, बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेजारीशेजारी लावून. त्याचे २१ वर्षांचे आकडे २००२ ला आले. बिनरसायनाच्या रानात उत्पन्न सरासरी २० टक्के कमी, पण खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली, कीटकनाशक तर ९७ टक्के कमी, आणि माती जास्त जिवंत. हे आकडे शिबिरात स्लाईडवर होते, पण फक्त शेवटचे तीन, २० टक्क्याचा पहिला गाळलेला. भावजींना तोच पाहिजे होता. ऊसवाल्याला २० टक्के कमी म्हणजे काय हे सांगायला लागत नाही, गुऱ्हाळाला देऊन सेंद्रिय गुळाला वरचा भाव मिळाला तर जमतं, नाहीतर सोसायटीचा हप्ता.

तरी भावजींनी दहा गुंठे बाजूला काढलेत. यंदा खोडव्याचं पाचट पेटवलं नाही, सरीत कुजवलं. एक गाय आणलीय, शिंगवाली. शाळेत भाताचा महिना करायचं ठरवलंय जूनपासून, रोप टाकण्यापासून ते कांडण्यापर्यंत, गणित त्यातच.

कुणी जावं? ज्याच्याकडं एकतरी जनावर आहे आणि सोबत घरातलं दुसरं माणूस यायला तयार आहे त्यानं जावं, एकट्यानं तासभर ढवळवत नाही. शिक्षकांनी फक्त शिक्षणाच्या, म्हणजे शिबिराच्या दुसऱ्या दिवसाला जावं, तशी सोय आहे का आधी विचारून घ्या. पाकीट घेऊ नये. कॅलेंडर घेऊ नये. ढवळायला ५, जेवणाला ५, शिक्षणाच्या ताईंना ४, पहिल्या दिवसाच्या व्याख्यानाला २, बाथरूमला १.

स्वतःची चार शिंगं आम्ही तिथनं येताना मागून आणली होती, नव्या गाईचं शेण भरून रानाच्या वरच्या कोपऱ्यात, उंबराजवळ पुरली. आधी शेजारच्या तात्यांना बोलावलं, चहा पाजला, शिंग हातात दिलं, सगळं सांगितलं. ते म्हणाले "खुळीच हायसा" आणि स्वतः खड्डा काढू लागले. आत्यांनी वर खूण म्हणून हळदीचा कंद लावला. मागच्या आठवड्यात तात्यांच्या कुत्र्यानं त्यातलं एक उकरून नेलं, तीन राहिलीत. शिमगा झाला की काढणार आहे, काय निघालं ते खाली लिहीन.